काम काढून घेऊ नका, काम सोपे करा : जव्हार-मोखाड्यातील एकट्या वृद्धांच्या घरकामाविषयी

दिवाळी सरली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाडे रिकामे होऊ लागतात. भात, नागली, वरई घरात आली की गावात काम उरत नाही आणि हाती पैसाही उरत नाही. मग तरुण जोडपी लहान मुलांना घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात. शेतीसाठी परततात ती पावसाच्या तोंडावर. मागे उरतात म्हातारी माणसे. घर राखायला, कोंबड्या-शेळ्या सांभाळायला, शाळेत जाणारे एखादे नातवंड पाहायला.

या सहा-सात महिन्यांत घर चालते ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या हातांवर. पाणी आणणे, लाकूड फोडणे, चूल पेटवणे, भाकरी थापणे, जमीन सारवणे, कपडे धुणे, रेशन आणणे, शेळीला पाला घालणे ही सगळी कामे तीच माणसे करतात. गुडघे दुखत असतात, डोळ्यांवर मोतीबिंदू आलेला असतो, हाताची मूठ घट्ट वळत नाही. तरीही काम थांबत नाही, कारण थांबले तर करणारे दुसरे कोणी नसते.

चळवळीत आपण शिक्षणावर, आरक्षणावर, जमिनीच्या हक्कावर, अत्याचारांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण पाड्यावर एकटी राहणारी आजी दिवसभर काय करते, त्यातले काय जमते आणि काय जमेनासे झाले आहे, याची नोंद आपल्या वहीत सहसा नसते. जव्हार-मोखाड्यात दहापैकी नऊहून अधिक लोक आदिवासी आहेत : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. बौद्ध वस्ती तुलनेने थोडी. पण म्हातारपणाचा गुडघा जात विचारून दुखत नाही. म्हणून हा लेख आम्ही तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहीत आहोत, मग ते कोणत्याही वस्तीतले असोत.

आमचे म्हणणे साधे आहे. म्हाताऱ्या माणसाचे स्वावलंबन केवळ त्याच्या जिद्दीवर टिकत नाही. हंडा किती मोठा, विहीर किती लांब, चूल किती खाली, शौचालयात धरायला काही आहे की नाही, यावर ते टिकते. या गोष्टी बदलता येतात आणि बऱ्याचशा थोड्या खर्चात बदलता येतात.

स्वावलंबन कसे मोजायचे?

वृद्ध माणूस किती स्वतंत्र आहे हे मोजण्यासाठी जगभर दोन याद्या वापरल्या जातात. पहिली अमेरिकेतील डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडली. अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे, अशी शरीराची सहा कामे तिच्यात आहेत. दुसरी यादी लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ मधली. तिच्यात घर चालवण्याची कामे येतात : टेलिफोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घराची झाडलोट, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशांचा हिशेब.

भारतातही या धर्तीवर पाहणी झाली आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या लोकांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला पहिल्या यादीतील किमान एक काम करताना अडचण येते आणि दुसऱ्या यादीतील किमान एखाद्या कामात जवळपास निम्म्यांना अडचण येते, असे त्यातून दिसले.

पण ही दुसरी यादी घेऊन मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर गेलो, तर एक गोष्ट लगेच खटकते. तिच्यात पाणी भरणे नाही. लाकूडफाटा आणणे नाही, सारवणे नाही, गुरे-शेळ्या नाहीत. यादी नळ आणि गॅस असलेल्या घरासाठी बनली आहे. आणखी एक गंमत म्हणजे मूळ पद्धतीत स्वयंपाक, झाडलोट आणि कपडे ही कामे पुरुषांना विचारली जात नसत. इथे मात्र बायको वारलेला आणि मुलगा भट्टीवर गेलेला म्हातारा एकटाच चुलीपुढे बसलेला असतो. म्हणून पाड्यासाठी यादी आपली आपणच करावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या वार्धक्यविषयक अहवालात आणखी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. माणसाला काय करता येते हे दोन गोष्टींवर ठरते : शरीरात किती ताकद आहे, आणि भोवतालची परिस्थिती कशी आहे. शरीर पुन्हा तरुण करता येत नाही. भोवताल मात्र सुधारता येतो. खाली आम्ही एकेक काम घेऊन हाच भोवताल पाहणार आहोत.

पाणी : सगळ्यात जड काम

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण डोंगर उताराचा, कातळ कठीण. पाणी वाहून जाते आणि मार्चनंतर विहिरी तळ गाठतात. मोखाडा तालुक्यात उभ्या असलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. हा अन्याय वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर त्याचे ओझे रोज पडते हे इथे सांगायलाच हवे.

आता हिशेब करू. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरचा हंडा भरला की पाण्याचेच वजन १५ किलो, वर भांड्याचे. सत्तरीच्या बाईला हे डोक्यावर पेलवत नाही. तिने ५ लिटरची कळशी घेतली तर ५५ लिटरसाठी अकरा खेपा. विहीर अर्धा किलोमीटरवर असेल तर एका खेपेला जाऊन-येऊन एक किलोमीटर, म्हणजे दिवसाला अकरा किलोमीटर, त्यातले अर्धे चढाचे. हे कोणी करू शकत नाही. मग ती काय करते? वापर कमी करते. अंघोळ दोन-तीन दिवसांनी, कपडे आठवड्याने, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणीच कमी पिते. कमी पाण्याने बद्धकोष्ठ होतो, लघवीची जळजळ सुरू होते, उन्हात चक्कर येते. चक्कर आली की पडणे आलेच.

यावर काय करता येईल?

हंडा लहान करावा. ५-५ लिटरचे दोन डबे दोन हातांत घेतले तर तोल सांभाळता येतो आणि मानेवर भार येत नाही. पण वाट निसरडी असेल तर एकच डबा घेऊन दुसरा हात काठीसाठी मोकळा ठेवावा.

विहिरीवर कप्पी बसवावी. एका कप्पीने वजन कमी होत नाही, पण वर खेचण्याऐवजी खाली ओढायचे असल्याने अंगाचा भार कामी येतो आणि काठावर वाकावे लागत नाही. बादली लहान आणि दोर जाड असावा. बारीक नायलॉनचा दोर म्हाताऱ्या मुठीत टिकत नाही.

घरात पाणी जमिनीवर ठेवू नये. दगड-मातीचा दोन-अडीच फुटांचा ओटा करून त्यावर तोटीचा पिंप ठेवावा. तोटी फिरवली की पाणी तांब्यात येते. वाकून हंडा कलता करण्याचा रोजचा त्रास वाचतो. पिंप आतून धुता यावा आणि झाकण घट्ट बसावे.

ढकलत नेण्याचे पाण्याचे चाक हाही उपाय आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये असा रोलर बनवला गेला. त्याच्या गोल पिंपात ९० लिटर पाणी मावते आणि मुठीला धरून तो जमिनीवरून लोळवत नेता येतो. पालघर जिल्ह्यातही सामाजिक संस्थांनी अशी चाके वाटली आहेत. सपाट वाटेवर ते उत्तम चालते. दगडगोट्यांच्या चढावर मात्र भरलेले चाक म्हाताऱ्या माणसाला आवरत नाही. तिथे तरुणाने ते भरून आणावे. वाट न पाहता चाके वाटणे म्हणजे फोटोपुरते काम.

चूल, सरपण आणि भाकरी

आपल्याकडे स्वयंपाक जमिनीवर बसून होतो. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला उकिडवे बसणे आणि पुन्हा उठणे, हेच दिवसातले सर्वात कठीण काम असते. दिवसातून दहा वेळा ते करावे लागले की माणूस हळूहळू स्वयंपाक टाळू लागतो. सकाळीच एकदा भात शिजवायचा आणि दोन्ही वेळा तोच खायचा, असे सुरू होते.

चूल ओट्यावर घेतली तर उभ्याने काम होते. उभे राहवत नसेल तर फूट-सव्वा फूट उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर बसून चालेल इतकी चूल उचलावी. चुलीजवळ भिंतीला किंवा मेढीला पक्का बांबू बांधावा, म्हणजे उठताना हाताला आधार मिळतो. लुगड्याचा किंवा साडीचा पदर विस्तवापासून दूर राहील अशी बसण्याची जागा ठरवावी. धूर बाहेर जायला कौलात फट किंवा भिंतीला वर झरोका हवा. दमा आणि डोळ्यांचे पाणी या दोन्हींवर हा पहिला उपाय आहे.

सरपणाचे काम दोन भागांत पाहावे. मोठी लाकडे फोडून, सुकवून ठेवणे हे तरुणांचे काम आहे. कामाला बाहेर पडण्याआधी ते उरकून जावे, आणि होळीला आल्यावर पावसाळ्याचा साठा करावा. रोज काटक्या-कुटक्या गोळा करणे म्हातारी माणसे करू शकतात. साठा कमरेच्या उंचीवर, मांडवावर रचावा. जमिनीवरच्या ढिगात हात घालताना विंचू-सापाची भीती असते, म्हणून आधी काठीने ठोकून मगच लाकूड ओढावे.

गॅसचे काय? उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि कित्येक घरांत शेगडी आली. पण नेहमीच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसकट वजन ३० किलोच्या आसपास जाते. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर ते ओझे वृद्ध माणूस कसा आणणार? योजनेत ५ किलोचा लहान सिलिंडरही मिळतो. एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी तोच सोयीचा. तो हवा असल्यास गॅस एजन्सीकडे तशी मागणी करावी लागते. हे काम कार्यकर्ता एका फेरीत करू शकतो.

जेवणाचा विचारही कामाबरोबरच करावा. दात नसले, बसवत नसले तरी नागलीची आंबील होते. पीठ रात्री भिजवले की सकाळी थोड्या विस्तवावर काम भागते. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या कितीतरी पट कमी. ठिसूळ होत चाललेल्या हाडांना हे आपल्याच शेतातले धान्य उपयोगी आहे. डाळ-कडधान्य भिजवून ठेवले की सरपणही कमी लागते. भाजी चिरायला जमिनीवरच्या विळीऐवजी मांडीवर पाट आणि सुरी घेतली तर वाकणे वाचते.

सारवण, कपडे, शौचालय

कुडाच्या घरात जमीन शेणाने सारवली की धूळ बसते आणि घर नीटनेटके वाटते. म्हाताऱ्या बायांना हे काम सोडवत नाही, आणि ते सोडायला लावूही नये. लांब दांड्याला गोणपाट किंवा जाड फडके बांधून उभ्याने पातळ सारवण करता येते. एका दिवसात सगळे घर न घेता आज चुलीपुढचे, उद्या पडवीचे, असे वाटून घ्यावे. झाडूलाही छातीपर्यंत येईल असा बांबूचा दांडा बांधावा.

कपडे ओढ्यावर न नेता घरीच टबात रात्री भिजवावेत आणि रोज एक-दोनच धुवावेत. पिळायला मूठ वळत नसेल तर ओला कपडा मेढीभोवती गुंडाळून दोन्ही टोके एकत्र पिळावीत, पाणी निघते. दोरी खांद्याच्या उंचीवर बांधावी.

शौचालय हा संकोचाचा विषय म्हणून मागे राहतो, पण जिवावरचे अपघात तिथेच होतात. अनेक घरांत शौचालय बांधलेले आहे, पण त्यात पाणी न्यावे लागते, बसता येत नाही आणि उठता येत नाही. म्हणून माणूस अंधारात शेताकडे जातो. भिंतीत दोन्ही बाजूंना पक्का दांडा बसवला किंवा वरून गाठी मारलेला जाड दोर सोडला तर उठताना आधार मिळतो. मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची भांड्यावर ठेवता येते. घरापासून शौचालयापर्यंतच्या वाटेला कमरेच्या उंचीवर बांबूचा कठडा, शेवाळ खरवडलेली फरशी आणि उशाशी बॅटरी, एवढ्याने पावसाळ्यातले पडणे टळते. खुब्याचे हाड मोडले की स्वावलंबनाचा प्रश्नच संपतो, कारण ते माणूस पुन्हा पहिल्यासारखे चालेल याची खात्री नसते.

शरीराची दुरुस्ती आधी

कित्येकदा आपण ज्याला म्हातारपण म्हणतो तो उपचार होऊ शकणारा आजार असतो. मोतीबिंदू हे त्याचे ठळक उदाहरण. तांदळातले खडे दिसत नाहीत, विस्तवाचा अंदाज येत नाही, वाटेतला दगड दिसत नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. शस्त्रक्रियेनंतर बाई पुन्हा स्वतःचा स्वयंपाक करू लागते. जवळचे दिसण्याचा साधा चष्माही हिशेब आणि शिवणकाम परत देतो.

ऐकू न येणे, पायाच्या जखमा, मधुमेह, रक्तदाब, दुखरे दात यांचेही तसेच. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. अडचण असते ती तिथपर्यंत नेण्याची आणि सोबत बसण्याची. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्म्या तिकिटात प्रवास आहे. गाडी फुकट असली तरी सोबतीला माणूस लागतो. ते माणूस आपण व्हावे.

अक्षर न येणाऱ्या आजीच्या गोळ्यांच्या पिशव्यांवर सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत. कोयता, सुरी, बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळून मूठ जाड करावी. सुजलेल्या बोटांना जाड मूठ धरायला सोपी जाते.

तीन याद्या

एखाद्या घरी गेल्यावर वृद्ध माणसाशी बसून तीन याद्या कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली यादी : जी कामे ते आजही नीट करतात आणि ज्यांत त्यांना समाधान आहे. शेळीला पाला घालणे, आंबील करणे, बियाणे निवडणे, नातवाला शाळेत पाठवणे. यांना हात लावू नये.

दुसरी यादी : जी कामे साधन मिळाले किंवा जागा बदलली तर जमतील. पाणी, चूल, सारवण, शौचालय बहुतेक वेळा इथे येतात. आपली मेहनत या यादीवर लागावी.

तिसरी यादी : जी कामे त्यांनी करूच नयेत. कौले चाळणे, शिडीवर चढणे, मोठे लाकूड फोडणे, पावसात ओढा ओलांडणे, कठडा नसलेल्या विहिरीतून पाणी काढणे. या कामांसाठी माणसाचे नाव आणि दिवस ठरला पाहिजे. “कोणीतरी करेल” असे लिहिलेले काम कोणीच करत नाही.

यादी करताना निर्णय त्यांचा असावा. तरुण माणूस घरात शिरतो आणि म्हणतो, “आजी, तुम्ही बसा, आता काही करायचं नाही.” यात माया असते, पण आजीच्या हातातून घर निघून जाते. बसून राहिलेल्या शरीराची ताकदही लवकर ओसरते. शिवाय आजीने सोडलेले काम हवेत विरत नाही. ते सुनेवर नाहीतर नातीवर येते. नात हंडा घेऊन विहिरीवर जाते आणि तिची शाळा बुडते. पिंपाला तोटी बसली तर आजी आणि नात दोघींचे भले होते.

आधार घेणे म्हणजे परावलंबी होणे, अशीही एक समजूत आहे. वाचकांना दोन गोष्टींची आठवण करून देतो. ऐंशीव्या वर्षी तथागतांनी स्वतःच्या देहाला दोरखंडांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली, आणि तरीही त्यांची चारिका थांबली नाही. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने थकलेल्या बाबासाहेबांना अखेरच्या काळात काठी आणि सोबत्यांचा आधार घ्यावा लागत होता, आणि त्याच काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन पूर्ण होत होते. आधार घेऊन काम चालू ठेवण्यात कमीपणा नाही.

हक्काचे काय आहे?

साधनांसाठी देणगीकडे पाहण्याआधी हक्काचे मिळते का ते पाहावे.

राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील साठीपुढच्या नागरिकांना काठी, वॉकर, कुबड्या, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची अशी साधने शिबिरांतून मोफत दिली जातात. मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने २०२४ मध्ये आणली. ६५ वर्षांवरील, दोन लाख रुपयांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साधने घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात, अशी तिची रचना आहे. कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा हेही यादीत येतात. अर्ज कधी घेतले जात आहेत ते समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच माणसांना फेरी मारायला लावावी.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत ६५ वर्षांवरील, २१ हजार रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत होतो आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. अडचण वयाच्या पुराव्याची येते. कित्येक वृद्धांच्या आधार कार्डावर जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी लिहिलेली असते आणि वर्ष चुकलेले असते. आधी ते दुरुस्त करून घ्यावे. पैसे काढायला तालुक्याला जाण्याऐवजी पोस्टमनकडून आधारवर घरीच काढता येतात. मात्र रक्कम मोजून हातात मिळाली का, हे पाहावे.

रेशनच्या यंत्रावर झिजलेला अंगठा उमटत नाही म्हणून माणूस रिकाम्या हाताने परत येतो. अशा वेळी दुसरे बोट, डोळ्यांची पडताळणी किंवा नॉमिनी यांपैकी काय शक्य आहे ते विचारावे आणि दाद मिळाली नाही तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा. मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची मोफत हेल्पलाइन १४५६७ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.

आई-वडिलांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला. मुले सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण भट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या मुलावर दावा लावून पाड्यावरच्या आईचा प्रश्न सुटत नाही. मुलगा तिला टाकून गेलेला नाही, त्याला पोटाने नेले आहे. त्याला गावात काम मिळावे, ही मागणी म्हातारपणाच्या प्रश्नाचाही भाग आहे.

स्वावलंबनाचे कौतुक जपून करावे

“बघा, या वयातही सगळे स्वतः करते” असे कौतुक करून फोटो काढला जातो. त्या कौतुकाखाली नळ न पोचल्याची आणि रुग्णालय लांब असल्याची गोष्ट झाकली जाते. वावर-वांगणीतील १९९२-९३ च्या बालमृत्यूंनंतर जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणाशी जोडले गेले. मुलांची वजने होऊ लागली, आणि ती झालीच पाहिजेत. पण त्याच घरातल्या आजीचे वजन किती, ती दिवसातून किती वेळा जेवते, हे विचारले जाताना क्वचितच दिसते. घरातले धान्य कमी पडले की सर्वात आधी तीच आपला घास कमी करते.

म्हणून दोन्ही कामे एकदमच हाती घ्यावी लागतील. एकीकडे पिंपाला तोटी बसवायची आणि दुसरीकडे ग्रामसभेत नळाचे पाणी मागायचे. एकाच्या बदल्यात दुसरे सोडायचे नाही.

पाड्यावर काय करता येईल?

दिवाळीनंतर स्थलांतर सुरू होण्यापूर्वी पाड्याची एक फेरी करावी. मागे एकटे कोण राहणार, त्यांची वहीत नोंद घ्यावी, तीन याद्या कराव्यात. निघणाऱ्या मुला-सुनांशी बोलून लाकूड, धान्य, औषधे आणि फोनची व्यवस्था लावून घ्यावी. आशाताईंना ही नावे द्यावीत. सुतार, गवंडी, वेल्डिंगचे काम येणारे तरुण आपल्यात आहेत. एका रविवारी चार-पाच घरांत दांडे, ओटे, कठडे बसवून होतात. बांबू इथेच मिळतो.

शेजाऱ्यांमध्ये एक खूण ठरवावी. सकाळी चुलीचा धूर दिसला नाही किंवा दार उघडले नाही, तर शेजारच्या घरातून कोणीतरी जाऊन हाक मारायची. मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यावर ही खूणच उपयोगी पडते. कोणाच्या घराकडे कोणी पाहायचे, हे नावानिशी ठरलेले असावे.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत, विहिरी आटण्याआधी, दुसरी फेरी करावी. बसवलेला दांडा हलतो का, पिंपाची तोटी गळते का, चष्मा वापरात आहे का पेटीत पडला आहे, हे पाहावे. दिलेली वस्तू वापरात नसेल तर दोष वस्तूत किंवा तिच्या जागेत आहे असे समजून बदल करावा. वापरणाऱ्या माणसाला बोल लावू नये.

या दिवाळीला आपापल्या भागातील एक पाडा निवडा. वही आणि मापाची टेप घेऊन जा. पहिला प्रश्न असा विचारा : “आजी, आजोबा, कोणतं काम तुम्हाला स्वतःच करायचंय, पण आता जमत नाही?” जे उत्तर येईल तिथून कामाला लागा.